ॲरिझोनातलं फोर्ट बोवी: वाट वाकडी करून जावं का? आणि ते ओस का पडलं?

सॉल्टनदीकाठचा:

मंडळी, पुढच्या महिन्यात फिनिक्सहून गाडीने न्यू मेक्सिकोतल्या कार्ल्सबादच्या गुहा बघायला निघतोय. मी, बायको, सहावीतला मुलगा आणि नाशिकहून आलेली आई. आईचं वय ७१, गुडघे कुरकुरतात, पण ती ते मान्य करत नाही.

आय-टेनवर विलकॉक्स ओलांडलं की नकाशात दक्षिणेला 'फोर्ट बोवी' दिसतं. मुलाला शाळेतून प्रकल्प दिलाय, सरहद्दीवरच्या एखाद्या ओसाड पडलेल्या घोडदळाच्या ठाण्याचा इतिहास लिहायचा. त्याने हे ठाणं निवडलं, कारण ते वाटेत आहे (मुलगा माझ्यावरच गेलाय). त्याला दोन गोष्टी कळत नाहीत. अशा उजाड डोंगरात ठाणं बांधलंच का, आणि एवढं बांधून सोडून का दिलं? आईचा प्रश्न वेगळाच. "किल्ला म्हणतोस, तर तट किती, बुरूज किती?"

कुणी गेलंय का? वेळ घालवण्यासारखं आहे का?

डोंबिवली_ते_डेझर्ट:

गेलोय. जूनमध्ये, दुपारी एक वाजता. गाडी लावून दीड मैल चालत जायचं, आणि पोचल्यावर काय, तर मातीच्या भिंतींचे खुंट. कुठे गुडघ्याएवढे, कुठे खांद्याएवढे. बायको अजून ऐकवते. सरळ काउबॉयच्या काळातल्या टूम्बस्टोन गावाला जा, खोटी का होईना पण गोळीबाराची नक्कल असते आणि आइस्क्रीम मिळतं.

माळवदावरून:

डोंबिवलीकर, जूनमध्ये दुपारी एकला गेलात तर रायगडसुद्धा कंटाळवाणा वाटेल.

सॉल्टनदी, मी बावीस वर्षं टूसानमध्ये आहे. इमारतीचा पाया घेण्याआधी बोअर मारून माती काढतात ना, ती तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. आणि जन्म करमाळा तालुक्यातल्या माळवदाच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या घरातला, म्हणून हे नाव. फोर्ट बोवीला सात-आठ वेळा तरी गेले असेन. दर वेळी इतिहासासाठी जाते असं नाही, बरेचदा भिंती बघायला जाते. तेव्हा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी आईंचा प्रश्न. तट नाही, बुरूज नाही, दरवाजा नाही, खंदक तर नाहीच. अमेरिकन सैन्याचं 'फोर्ट' म्हणजे बहुतेक वेळा आपण छावणी म्हणू ते. मधे कवायतीचं मैदान, त्याच्या कडेने शिपायांच्या बराकी, अधिकाऱ्यांची घरं, कोठार, दवाखाना, पागा. १८६२ साली टेकडीवर जे पहिलं ठाणं उभं केलं त्याला कमरेएवढ्या दगडी आडभिंती होत्या. तिथे शिपाई तंबूत आणि दगडमातीच्या खोपटांत राहायचे. १८६८ पासून शेजारच्या रुंद पठारावर दुसरं, मोठं ठाणं बांधायला घेतलं. आज जे दिसतं ते मुख्यतः हे दुसरं.

आता मुलाचा पहिला प्रश्न. उत्तर एका शब्दाचं आहे: पाणी.

डॉस काबेसस आणि चिरिकावा या दोन डोंगररांगांच्या मधे जी खिंड आहे ती अपाची पास. खिंडीत एक झरा आहे. तुम्ही जाल तेव्हाही वाहत असेल, पण अपेक्षा ठेवू नका, करंगळीएवढी धार. आजूबाजूला कित्येक मैल बारमाही पाणी नाही. १८५८ साली बटरफील्डची टपालगाडी सुरू झाली, सेंट लुईसहून सॅन फ्रान्सिस्कोला, आठवड्यातून दोनदा, २,८०० मैल, २५ दिवसांच्या आत. तिने बदलीची जनावरं ठेवायला इथे दगडी ठाणं बांधलं ते या झऱ्याच्या भरवशावर. हा मुलूख चिरिकावा अपाचींचा, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या एका टोळीचा, आणि त्यांचा म्होरक्या कोचीस. टपालगाडीशी त्याचं बऱ्यापैकी जमत होतं.

हिशेब करून बघायला सांगा मुलाला. घोडदळाच्या एका घोड्याला सैन्याचा रोजचा शिधा १२ पौंड दाणा आणि १४ पौंड वाळलं गवत. पाणी उन्हात तीस-चाळीस लिटर. साठ घोड्यांची एक तुकडी धरली तरी नुसत्या घोड्यांना दिवसाला दोन हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं. माणसं आणि खेचरं वेगळीच. म्हणजे झरा ज्याच्या हातात, खिंड त्याची. आपल्याकडे घाटात टाकं खोदलेलं असलं की तिथे चौकी असतेच ना, तसंच.

बिघडलं ते फेब्रुवारी १८६१ मध्ये, आणि तेही एका चुकीच्या आरोपावरून. सोनोइटा खोऱ्यात जॉन वॉर्ड नावाच्या माणसाच्या घरावर धाड पडली. बाराएक वर्षांचा सावत्र मुलगा फेलिक्स आणि गुरं पळवली गेली. लेफ्टनंट बॅस्कम हा पोरसवदा अधिकारी शिपाई घेऊन अपाची पासला आला आणि त्याने कोचीसला बोलावून घेतलं. कोचीस निर्धास्त आला, सोबत भाऊ, पुतणे, बायको, मुलं. तंबूत बॅस्कम म्हणाला, मुलगा परत दे, तोवर तू कैदी. कोचीस म्हणाला, हे माझ्या लोकांनी केलेलं नाही, शोधून देतो. ते खरंच होतं, पोरगं दुसऱ्याच अपाची टोळीने नेलं होतं. बॅस्कमने ऐकलं नाही. कोचीसने सुरी काढून तंबूचं कापड फाडलं आणि तो निसटला. घरचे मात्र अडकले. मग त्यानेही माणसं धरली, अदलाबदल करू म्हणाला. जमलं नाही. कोचीसने आपल्या ताब्यातल्यांना मारलं, सैन्याने त्याच्या भावाला, दोन पुतण्यांना आणि आणखी तीन अपाचींना झाडाला लटकवलं. तिथून पुढे अकरा वर्षं युद्ध.

आणि तो पोरगा? अपाचींतच वाढला आणि पुढे मिकी फ्री या नावाने सैन्याचाच वाटाड्या आणि दुभाषा झाला. त्याच्यापायी एवढी माणसं मेली आणि तो दोन्हीकडच्या भाषा बोलत म्हातारा झाला. प्रकल्पात हे नक्की घालायला सांगा, गुरुजींना आवडेल.

ठाणं उभं राहिलं त्याला निमित्त झाली पाण्याचीच लढाई. १८६२, अमेरिकेत यादवी चालू. कॅलिफोर्नियाच्या स्वयंसेवकांची फौज दक्षिणेच्या सैन्याला रोखायला पूर्वेकडे निघालेली. १५ जुलैला तिची पुढची तुकडी, कॅप्टन रॉबर्ट्सच्या हाताखाली, ड्रॅगून स्प्रिंग्जपासून चाळीसेक मैल कोरडी चालून खिंडीत आली. जुलैतलं ॲरिझोना, लोकरी अंगरखे. झरा डोळ्यांसमोर, आणि वरच्या कड्यांवर दगडांच्या आडोशाने कोचीस आणि त्याचा सासरा मांगास कोलोराडास बसलेले. सहाशे यार्डांवरचं पाणी मिळवायला डोंगरी तोफा चालवाव्या लागल्या. मागून जनरल कार्लटन मुख्य फौज घेऊन आला, त्याने झरा पाहिला, खिंड पाहिली आणि ठाण्याचा हुकूम काढला. २८ जुलैला काम सुरू. नाव दिलं पाचव्या कॅलिफोर्निया पलटणीच्या कर्नल जॉर्ज बोवीचं.

पुढची वर्षं भराभर सांगते. टपालाला सोबत जायचं, माग काढत हिंडायचं, बहुधा रिकाम्या हाताने परतायचं. पगार महिना १३ डॉलर, घोडा सरकारी. म्हणजे आपल्या भाषेत सगळे बारगीर, शिलेदार कुणी नाही. १८७२ मध्ये जनरल हॉवर्ड, टॉम जेफर्ड्स नावाच्या कोचीसच्या गोऱ्या दोस्ताला मधे घालून, जवळजवळ एकटा कोचीसकडे गेला आणि तह झाला. चिरिकावांना त्यांचाच मुलूख राखीव मिळाला, जेफर्ड्स त्यांचा एजंट. कोचीसने शब्द पाळला. १८७४ मध्ये तो गेला, १८७६ मध्ये सरकारने राखीव मुलूख मोडला आणि लोकांना सॅन कार्लोसच्या भाजणाऱ्या सपाटीवर नेऊन टाकलं. मग पळापळ, धरपकड, पुन्हा पळापळ. जेरोनिमो या अपाची लढवय्याचं नाव गाजतं ते या दहा वर्षांत.

राहिला दुसरा प्रश्न, ओस का पडलं. ४ सप्टेंबर १८८६ ला स्केलेटन कॅन्यनमध्ये जेरोनिमो जनरल माइल्सला शरण आला. त्याच्याबरोबर बायकामुलं धरून चाळीससुद्धा माणसं नव्हती. मागावर होते पाच हजार सैनिक. त्याला फोर्ट बोवीला आणलं आणि ८ तारखेला कवायतीच्या मैदानातून गाड्यांत बसवून उत्तरेला बोवी स्टेशनवर आगगाडीत कोंबलं, फ्लोरिडाला. निघताना चौथ्या घोडदळाच्या बँडने 'ऑल्ड लँग साइन' हे जुन्या दोस्तांना निरोप देण्याचं गाणं वाजवलं. ज्या दोन अपाचींनी त्याला शोधून शरण यायला राजी केलं, मार्टिन आणि कायिता, त्यांनाही त्याच कैदेत पाठवलं. एवढंच नाही, गुमान राखीव मुलखात राहिलेले चिरिकावाही सगळे उचलले. २७ वर्षं कैदी.

म्हणजे ज्यांच्यासाठी ठाणं होतं ती माणसंच मुलखात उरली नाहीत. आगगाडीही १८८० मध्येच खिंड टाळून उत्तरेच्या सपाटीवरून गेली होती, त्यामुळे झऱ्याची गरज कुणाला नव्हती. गंमत अशी की ठाण्याला खरी कळा आली ती तेव्हाच. १८८० नंतर मुख्य अधिकाऱ्यासाठी तेरा खोल्यांचा लाकडी बंगला, टेनिसचं मैदान, वाफेवर चालणारं बर्फाचं यंत्र. लढाई होती तेव्हा खोपटं, लढाई संपली तेव्हा बर्फ. १७ ऑक्टोबर १८९४ ला निशाण उतरवलं आणि निघाले.

आता माझ्या आवडीचा भाग. डोंबिवलीकर, तुम्ही ज्यांना खुंट म्हणालात ते कच्च्या विटांचे आहेत. उन्हात वाळवलेल्या, इथले लोक अडोबी म्हणतात, आमच्याकडे भेंडं. आमच्या घराच्या दोन हात रुंद भिंती याच. वर सरे म्हणजे तुळया, त्यावर किलचणी म्हणजे आडवी बारीक लाकडं, त्यावर पाला आणि पांढरी माती. दर उन्हाळ्यात आजी माळवदावर नवी पांढरी टाकून घ्यायची आणि पन्हाळी साफ करवायची. आजी होती तोवर घराला काही झालं नाही. ती गेली, काका पुण्याला गेले, कुणीतरी एक सरा काढून नेला. सवण्यातून, म्हणजे छपरातल्या झरोक्यातून, पाणी आत गेलं आणि चार पावसाळ्यांत दीडशे वर्षांची भिंत ओघळून गेली. कच्च्या भिंतीला डोकं झाकलेलं हवं आणि पाय कोरडा हवा. बाकी तिचं काही मागणं नसतं.

बोवीचंही हेच झालं. सैन्य गेल्यावर आसपासच्या लोकांनी तुळया, दारं, खिडक्या, पत्रे उचलून नेले. नेणारच, या भागात सरळ लाकूड मिळतं कुठे? त्यांच्या घरांना ते लागलं, ठाण्याचं छप्पर गेलं. १९११ मध्ये सरकारने जमीनही लिलावात काढली. भिंती उघड्यावर पडल्या. लोक म्हणतात वाळवंटाने गिळलं. वाळवंटाने काही गिळत नसतं हो, इथे वर्षाला पाऊस किती पडतो? छप्पर नेलं म्हणून जुलै-ऑगस्टच्या वळवाने भिंती धुतल्या.

आज नॅशनल पार्क सर्व्हिस भिंतींवर चुन्याचा गिलावा चढवते, म्हणून त्या पांढुरक्या, गोल खांद्यांच्या दिसतात. चुनाच हवा. आमच्याकडे काकांनी हौसेने एका भिंतीला सिमेंट मारलं होतं. आतली ओल बाहेर पडेना, तिसऱ्या वर्षी सिमेंटचा पापुद्रा मातीचा थर घेऊन खाली आला. भिंतींना टेकू नका, मुलाला चढू देऊ नका.

आईंसाठी: चालायला अवघड असलेल्यांना गाडी भग्नावशेषांपर्यंत नेण्याची सोय आहे, पण आधी फोन करून विचारावं लागतं. तुम्ही आणि मुलगा मात्र चालत जा. दीड मैल सावकाश चढ आहे, आणि वाटेतच टपालगाडीच्या ठाण्याचा पाया, दफनभूमी आणि झरा लागतो. सकाळी जा, पाणी भरपूर न्या, पाय टाकताना खाली बघा. खुळखुळ्या सापांचा मुलूख आहे.

जुना_वाचक:

छान लिहिलंय, पण थोडं एकाच बाजूने झालं का? अपाचींनीही त्या खिंडीत वाटसरू कमी मारले नाहीत.

माळवदावरून:

बरोबर आहे, तो भाग मी घाईत उरकला. दफनभूमीत 'अपाचींनी मारला' असं लिहिलेल्या पाट्या आहेतच, त्यात टपालवालेही आहेत. तिथे आणखी एक गोष्ट आहे. ठाणं सोडल्यावर, १८९५ मध्ये, सैन्याने आपल्या शिपायांचे अवशेष उकरून सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी दफनभूमीत नेले. मागे राहिले ते साधे नागरिक आणि अपाची पोरं. त्यांत जेरोनिमोचा दोन वर्षांचा मुलगा आहे, लिटल रोब, १८८५ मध्ये कैदेत असताना वारला. लाकडी पाटी आहे, बहुतेक वेळा तिच्यापाशी कुणीतरी खेळणं किंवा नाणं ठेवलेलं असतं.

सॉल्टनदीकाठचा:

मावशी (चालेल ना म्हटलं तर?), इतकं सविस्तर कुणी लिहील वाटलं नव्हतं. मुलाने अख्खं वाचून घेतलं माझ्याकडून. त्याचा पुढचा प्रश्न: पाच हजार सैनिकांना चाळीस माणसं सापडत का नव्हती? घोडे होते ना?

माळवदावरून:

चालेल की. मावशीच आहे मी अर्ध्या टूसानची.

घोडे होते हीच अडचण. घोड्याला दाणा लागतो, नाल लागते, पाणी लागतं. अपाची कड्यावरून पायी दिवसाला पन्नास-साठ मैल जायचे, घोडा दमला तर खाऊन टाकायचे. जनरल क्रूकला हे आधी समजलं. त्याने गाड्या सोडून सगळं सामान खेचरांवर घातलं आणि माग काढायला अपाचीच नेमले. स्वतःही खेचरावर बसायचा. त्या खेचराचं नाव 'अपाची'.

क्रूकनंतर १८८६ मध्ये माइल्स आला, त्याने डोकं दुसरीकडे चालवलं. डोंगरमाथ्यांवर २७ आरसे-तारायंत्रं बसवली, हेलिओग्राफ. आरशाने ऊन दूरच्या डोंगरावर पाडायचं आणि किल्लीने आरसा किंचित हलवून मोर्सचे कट्ट-कड पाठवायचे. ठाण्याच्या वरच्या बोवी शिखरावर त्यातलं एक होतं. ॲरिझोनाला ऊन फुकट! मुलाला हे सांगा: हे यंत्र शोधलं हेन्री मॅन्सने, १८६९ मध्ये, कराचीत. पर्शियन आखाताच्या तारखात्यात होता. आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे आजीच्या इलाख्यातलं यंत्र जेरोनिमोच्या मागावर.

डोंबिवली_ते_डेझर्ट:

हे आधी सांगितलं असतं तर वर शिखराकडे तरी बघितलं असतं. मी सावली शोधत होतो.

सॉल्टनदीकाठचा:

जाऊन आलो, कळवायचं राहिलं होतं.

सकाळी सातला विलकॉक्स सोडलं. मी आणि मुलगा चालत, आई आणि बायको गाडीने (फोन केला होता, काही अडचण आली नाही). झऱ्यापाशी मुलाने हिशेबाची वही काढली. बाटली धारेखाली धरून मोजायची होती त्याला, मी ओरडलो. मग नुसतं बघून म्हणाला, "बाबा, यावर साठ घोडे?" आम्ही तिथे अर्धा तास होतो. एक हरीण येऊन पाणी पिऊन गेलं, आमच्याकडे बघत बघत.

वर पोचलो तर आई पार्कच्या कचेरीच्या पडवीत खुर्चीवर बसलेली, भिंतींकडे तोंड करून. मला वाटलं कंटाळली असेल. म्हणाली, "वरून टोपडं नीट घातलंय, पण तो कोपरा बघ, बुडाशी लोणा लागलाय. तिथून जाईल ती." मी जवळ जाऊन पाहिलं तर खरंच भिंतीच्या पायथ्याला पांढरी खार फुटलेली, बोटभर माती सुटलेली. तिने ते तिथल्या रेंजरला खुणा करून दाखवलं. तो हसला आणि मला म्हणाला, यादीत आहे तो कोपरा. तट-बुरुजांबद्दल तिने पुन्हा काही विचारलं नाही.

लिटल रोबच्या पाटीपाशी एक लाल मोटार ठेवलेली होती, चाक नसलेली.

एक अडचण झालीय. मुलाने घरी आल्यावर दोन आरसे घेतलेत आणि समोरच्या गल्लीतल्या मित्राला 'संदेश' पाठवतोय. काल शेजारीण सांगायला आली की तिच्या स्वयंपाकघरात दुपारभर ऊन नाचतंय.

माळवदावरून:

आईंना माझा नमस्कार सांगा. लोणा ओळखणारं माणूस मला कामावर मिळत नाही.

आरशाचं म्हणाल तर तुमच्या घरावरून फिनिक्सच्या विमानतळाची विमानं जात असणार. आकाशाकडे आरसा धरायचा नाही हे आजच बजावा. आरशाच्या मधोमध पाठीचा मुलामा नखाएवढा खरवडायला सांगा, मॅन्सच्या यंत्रात तसंच होतं. त्या भोकातून नेम धरला की ऊन मित्राच्या खिडकीवर जाईल, शेजारणीच्या ओट्यावर नाही.